हाताची घडी

माझ्या मावशीची ओळख करून द्यायची तर बुटाच्या नाडीपासून सुरुवात करावी लागेल. मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. एका सकाळी नाडीची गाठ काही केल्या बसेना आणि ही बाई समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेली. "मावशी, बांध ना गं," म्हटलं, तर म्हणाली, "बघतेय की मी." मी रडले, पाय आपटले, नाडी दातांनी ओढली. शेवटी गाठ बसली, पण शाळेची घंटा चुकली. आई तिच्यावर जाम भडकली. मावशी शांतपणे म्हणाली, "उद्या नाही चुकणार." आणि मेली खरंच नाही चुकली.

मी स्वभावाने तिच्या अगदी उलट. कुणी डबा उघडताना धडपडत असलं तरी मला दम धरवत नाही, हिसकावून घेते आणि उघडून देते. म्हणून तिची ती हाताची घडी बघितली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचं सगळं आयुष्य त्या घडीत होतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मावशी एका धर्मादाय संस्थेत कामाला होती. ही संस्था खेड्यापाड्यांत दोन गोष्टी करायची: शाळेच्या आवारात पाण्याचा हातपंप बसवायचा, आणि त्या शाळेत मुली टिकतात की नाही ते बघायचं. ऐकताना ही दोन वेगळी कामं वाटतात. पण घरात पाणी लांबून आणायचं असलं की कळशी कुणाच्या डोक्यावर चढते, हे कुणाला सांगायला नको. पंप बंद पडला, की आठवड्याभरात वर्गातले मुलींचे बाक ओस पडायचे.

त्या त्या गावातल्या बायकांना पंप दुरुस्त करायला शिकवणं हे मावशीचं काम. पंप उघडून सगळे भाग ती एकदा नीट दाखवायची. मग पाना समोरच्या बाईच्या हातात द्यायची आणि आपण बाजूला होऊन हाताची घडी घालायची. त्यानंतर कुणी गयावया करू दे, नाहीतर शिव्या घालू दे. कुणाला इजा होईल असं दिसलं तरच ती पुढे व्हायची, एरवी घडी सुटायची नाही. गावोगाव तिचं नाव पडलं होतं घडीबाई. तोंडावर मात्र सगळ्या ताईच म्हणायच्या.

ती काही जन्मतःच अशी नव्हती. तिच्या पहिल्या गावात ती सगळं स्वतः करायची. पंप कुरकुरला की ही हजर. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. मग संस्थेने तिला दुसऱ्या गावी पाठवलं. पुढे कधीतरी त्या वाटेने जाताना ती मुद्दाम वाकडी वाट करून पहिल्या गावात डोकावली. पंपाचा दांडा दोरीने बांधून ठेवलेला, त्याच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातलेली आणि शाळेत मुलींच्या बाजूला नुसतेच बाक. बायका धावत आल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "आलात ना? तुमचीच वाट बघत होतो."

"त्यांचं ते प्रेम बघून मला माझीच लाज वाटली गं," मावशी मला सांगायची. "एवढी माया लावली मी, आणि त्या मायेने पोरींची शाळा बुडवली."

तेव्हापासून हाताची घडी. एवढ्यावर ती थांबली नाही. संस्थेच्या मागे लागून तिने एक नियम करून घेतला: गावातल्या बायकांनी संस्थेच्या साहेबांसमोर पंप स्वतः उघडून, दुरुस्त करून, बंद करून पाणी काढून दाखवलं, की शिकवणाऱ्या बाईने गाव सोडायचं आणि तिची खोली शाळेला द्यायची. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा असा नियम दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. कारण मावशीला दुसरं घरच नव्हतं. काका लग्नानंतर लवकरच गेले, मूलबाळ नाही. ज्या गावात पंप, त्या गावातली शाळेला लागून असलेली खोली, एवढंच तिचं घर.

ज्या गावात हे घडलं, ते तिचं शेवटचं गाव. यानंतर संस्था तिला निवृत्त करणार होती आणि ती माझ्याकडे राहायला येणार होती. माझ्या घरातली मागची खोली मी रंगवून घेतली होती. बायकांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला आणायला गेले.

दुपारी बायकांची शेवटची तालीम चालली होती. पुढारीण होती गावातली शिंपीण, जिभेने तिच्या कात्रीपेक्षा धारदार. तिच्या हाताखाली दोन जावा. या दोघी घरात एकमेकींशी बोलत नसत, पण पंपापाशी मात्र गळ्यात गळा. पंपाच्या पोटातल्या लोखंडी सळ्या त्या एकेक करून वर ओढत होत्या आणि खालची सळी निसटून बोअरमध्ये जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी शिकंजा आवळत होत्या. सगळ्यात खालच्या सळीच्या टोकाला असतो वॉशर, लहानशा वाटीसारखा, चामड्याचा. तो उलटा बसला की कितीही दांडा मारा, पाणी चढत नाही.

"वॉशरचं तोंड?" शिंपीण ओरडायची.

"वर!" जावा एका सुरात.

"आणि सासूचं?"

"बंद!" की सगळ्या हसून लोळायच्या.

मावशी हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती. हसली मात्र नाही. संध्याकाळी खोलीमागे लावलेल्या लिंबाच्या झाडाला आम्ही पाणी घालत होतो. झाडाला पहिल्यांदाच फुलं धरली होती. ती एक फूल हुंगत म्हणाली, "इथून हलावंसं वाटत नाही गं. एवढ्या गावांत राहिले, पण इथे जीव रुतला. असं वाटतं, इथेच डोळे मिटावेत."

"मग राहा की!" मी उसळले.

"नियम कुणी केला?" ती म्हणाली.

मी वळले तर शिंपीण बादली परत द्यायला आलेली, कोपऱ्यापाशी उभी. तिने बादली खाली ठेवली आणि तशीच निघून गेली. दुपारभर जिची जीभ थांबली नव्हती तिने असं मुकाट जावं हे खटकलं, पण तेव्हा मनावर घेतलं नाही.

सकाळी साहेब आले. साधा, थकलेला, भला माणूस. सगळं गाव पंपाभोवती जमलं. वर्गाच्या खिडक्यांमधून मुलींच्या वेण्या लोंबत होत्या. साहेब म्हणाले, "करा सुरू."

आणि शिंपिणीने पाना उलटा धरला.

आधी मला वाटलं, घाबरली असेल. मग थोरल्या जावेचा हात अचानक दुखायला लागला. धाकटी सळीकडे बघून विचारते, "ही कुठली गं बाई?" कालच जी सळी तिने डोळे मिटून जोडली होती, ती! शिकंजा लावला तो सैल, काढला, पुन्हा लावला. कशाबशा सळ्या वर आल्या, तर नवा वॉशर शिंपिणीच्या हातातून दोनदा मातीत पडला. साहेब हिरमुसले. शेवटी त्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "हरकत नाही. अजून शिकायला हवं. ताईंची मुदत वाढवून घेऊ आपण, राहतील त्या इथेच."

शिंपिणीने खाली मान घालून हसू दाबलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बायका नापास होत होत्या, मुद्दाम, भर गावासमोर, आपला सगळा तोरा मातीत घालून. घडीबाईंचं घर राहावं म्हणून. मला तर तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मी मावशीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं, तिच्या ओठांवरून दिसत होतं. तिला करायचं काहीच नव्हतं. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं: हाताची घडी घालून गप्प राहायचं. तिची खोली, तिचं झाड, सगळं तिचंच राहिलं असतं. मी मनात घोकत होते, गप्प राहा मावशी, एवढ्या एका वेळी गप्प राहा.

मावशीने हाताची घडी सोडली.

गर्दीतून आश्चर्याचा आवाज उठला. तिने पंपाला हात लावलेला त्या गावात शिकवणीच्या पहिल्या दिवसानंतर कुणी पाहिलं नव्हतं. ती खाली बसली, शिंपिणीच्या हातातून वॉशर घेतला, पुसला आणि टोकाला बसवला. तोंड खाली करून.

धाकटी खोकली. थोरलीने पदर तोंडात घातला. मावशी शांतपणे वॉशरचा नट आवळायला लागली. आवळून झाला तशी सळी उचलून पाइपात सोडायला लागली, शिकंज्याकडे न बघताच. शिंपिणीचा चेहरा लाल झाला. तिने खिडकीतल्या मुलींकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, आणि बांध फुटला.

"अहो ताई, उलटा! उलटा बसवलात! तोंड वर!"

"आणि शिकंजा?" धाकटी किंचाळली. "सळी आत गेली तर काढणार कोण?"

थोरलीचा दुखरा हात विजेसारखा पुढे आला आणि तिने सळी मावशीच्या हातातून हिसकावली. पुढचं सगळं इतकं झरझर झालं की बघता बघता पंप बंद झाला होता. शिंपिणीने दांडा मारला. एकदा, दोनदा, आणि पाण्याची जाड धार दगडावर आपटली. मुलींनी खिडकीत कल्ला केला. साहेब टाळ्या वाजवत होते आणि हसत होते.

मग शिंपिणीचा हात दांड्यावरच थांबला. आपण काय करून बसलो ते तिला कळलं. दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या.

"फसवलंत आम्हाला, ताई," शिंपीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता.

"हाताची सवय गेली गं," मावशी म्हणाली. ती धारेखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायली आणि ओले हात पुसून तिने पुन्हा घडी घातली.

एवढी ताकद मी कुणात पाहिली नाही. सगळ्या गावासमोर चुकीची ठरून या बाईने आपलं घर सोडून दिलं होतं, आणि वर चेहऱ्यावर काही नाही. मोठी माणसं मोठ्या गोष्टी करतात असं आपण ऐकतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

निघताना सगळं गाव आलं, शिंपीण आली नाही. मावशी गाडीत बसेपर्यंत रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. गाव मागे पडल्यावर मात्र ती रडली, हाताची घडी तशीच ठेवून. मी तिला रुमाल दिला. डोळेही तिने स्वतःच पुसले, मला पुसू दिले नाहीत.

माझ्याकडे ती गुण्यागोविंदाने राहिली, पण फोन वाजला की मान वर करायची. शिंपिणीचा फोन काही येत नव्हता. जावांचे यायचे. लिंबं लागल्याचं त्यांनी कळवलं, खोलीत आता वर्ग भरतो म्हणूनही सांगितलं. शिंपिणीचं नाव निघालं की दोघी विषय बदलायच्या.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी शिंपिणीचा फोन आला. मी शेजारीच भाजी निवडत होते, आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"काल पंप बंद पडला होता," शिंपीण म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "खालची सळीच मोडली होती. काढली, नवी टाकली. दुपारी पाणी सुरू."

"पोरी?"

"शाळेतच होत्या. त्यांना कळलंही नाही."

मावशीने श्वास सोडला. मग हळूच, लहान मुलीसारखं विचारलं, "माझी आठवण झाली का गं?"



"नाही ताई," शिंपीण म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "खरं सांगते, एकदाही नाही झाली."

मी दचकून मावशीकडे बघितलं. मला कुणी असं म्हटलं असतं तर मी उन्मळून पडले असते. मावशीने फोन खाली ठेवला. तिचा चेहरा असा उजळला होता, की मी हातातली भाजी तशीच धरून राहिले. ती उठली, दार उघडून शेजारणीला हाक मारली आणि जिन्यात उभी राहून सांगायला लागली, "अहो ऐकलंत का? पंप बंद पडला, आणि त्यांना माझी आठवणसुद्धा नाही झाली!"