गोदीत जळालेल्या माणसाची जागा

माझे आजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. युद्धाच्या दिवसांत बंदरात एका जहाजाचा स्फोट झाला, शेजारची जहाजं, गुदामं, वस्ती सगळं पेटलं आणि त्यात ते गेले. हे आम्ही म्हणतो. आमचे भाऊबंद म्हणतात, तो पळून गेला.

त्याचं मूळ आमच्या रीतीत आहे. आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून माती देतात. अक्कलकोटकडच्या सामाईक शेतात, बांधाच्या कडेला, घरातल्या सगळ्यांच्या समाध्या ओळीने आहेत. आजोबांचं मात्र काहीच हाती आलं नाही. तेव्हा बाबांच्या चुलत्याने भरल्या पंगतीत निकाल देऊन टाकला, माती दिली नाही तो मेला कसा? कानडीत म्हणाला, ‘ओडि होद’, पळाला, मुंबईत दुसरा संसार थाटला असेल. बाबा तेव्हा चार वर्षांचे होते. पुढे प्रत्येक लग्नकार्यात कोणी ना कोणी त्यांना विचारायचंच, काय रे, बापाचा काही पत्ता? मी दहा वर्षांची असताना एका बारशात एका बाईने हसत हसत हेच विचारलं आणि मी तिच्या ताटात तांब्याभर पाणी ओतलं. आईने मला बदडलं. बाबांनी हात लावला नाही. ते नुसते खाली बघत जेवत राहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

यंदा एप्रिलमध्ये जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत अग्निशमन दलाचे लोक आले. सिलिंडरने पेट घेतला तर काय करायचं ते त्यांनी दाखवलं, मग त्यांच्या साहेबांनी गोदीच्या आगीची हकिगत सांगितली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता. आग विझवायला गेलेले जवान परत आले नाहीत. त्यांच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. बाबा आता पंच्याऐंशीचे, त्यांना खुर्चीतून उठवत नाही. दोन मिनिटं संपली तसे ते बसल्या जागेवरून म्हणाले, “साहेब, हमालांचं काय? माझा बाप तितंच होता.”

लोक चुळबुळले. साहेब माणूस भला होता. “आजोबा, हमालही खूप गेले,” तो म्हणाला. “कित्येकांचं तर काहीच सापडलं नाही.”

“ऐकलंस न्हवं?” बाबा मला म्हणाले. “सापडलंच न्हाई म्हणत्यात. उद्या शेतावर चल.”

आजोबांना माती द्यायची म्हणून मी आमच्या स्वामींना फोन केला. देह नाही, गळ्यातलं लिंग नाही, विधी कशाचा करायचा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मग राहू द्या, आमचं आम्ही करतो. माझा आवाज जरा चढलाच असेल, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतावर बाबांना बांधाशी खुर्चीत बसवलं आणि दोन गडी लावले. समाध्यांच्या ओळीत खड्डा खणला, माणूस मांडी घालून बसेल एवढा. आत मी बेलाची पानं आणि विभूती ठेवली. तोवर त्या चुलत्याचा नातू, जो आता शेत कसतो, धापा टाकत आला.

“काका, हे काय चाललंय? ह्यात घालणार काय?”

“काय न्हाई. असाच बुजवणार.”

“रिकाम्या खड्ड्याला कोन माती देतंय? लोक हसतील की.”

“ऐंशी वर्षं हसल्यात. आनी थोडं हसू देत.”

तो माझ्याकडे बघू लागला. मी गड्यांना म्हटलं, थांबू नका.

बाबांनी खुर्चीतून वाकून मूठभर माती उचलली. मी हात धरायला गेले तर त्यांनी झटकला. माती आत टाकताना ते “अप्पा” म्हणाले. माझी साठी उलटली, पण हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आजोबांचा विषय निघाला की ते ‘त्यांचं राहू दे’ एवढंच म्हणायचे आणि उठून जायचे. मला रडू आवरेना.

मग ते पुतण्याकडे वळले. “आता कुनी इचारलं तर तू सांगायचं,” ते म्हणाले. “माझा बाप कुटं गेला न्हाई. हितं हाय.”