बाळाच्या पोटावर बांधलेली पट्टी

"ऑम्फॅलोसील," भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले. बेंबीच्या जागी पोटाची भिंत जुळलेलीच नसते आणि आतडी एका पातळ पिशवीत बाहेर राहतात, असा त्याचा अर्थ. आमचं पोरगं जन्मून तासही झाला नव्हता. त्या पिशवीतून आतडी दिसत होती.

हे ऐंशी सालानंतरचं, सहा-सात वर्षांपूर्वीचं. बायको भंडाऱ्यातच राहिली. मी आणि माझी आई बाळाला घेऊन जीपनं नागपूरला गेलो. दुपारी ऑपरेशन झालं. आतडी आत बसवली, पोट शिवलं. "आत जागा कमी आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "पोट काही दिवस तंग राहील."

बाळ उठेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. भुलीचं औषध जास्त झालं, हे मी बाकावर बसल्या बसल्या ठरवूनच टाकलं होतं. मनात डॉक्टरांना शिव्या देत होतो.

शेवटी विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. ऑपरेशनसाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषध दिलं होतं. ते मोडून काढायचं काम लिव्हरचं, म्हणजे यकृताचं. पोटात दाब वाढला की यकृताकडे रक्त कमी जातं, औषध अंगात रेंगाळतं. त्यात नवजात बाळाचं यकृत कच्चं. "वाट पाहायची," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले. बारीक आवाजात रडलाही. आम्हाला पहिल्यांदाच जवळ बसू दिलं.

आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

आमच्या घरी हातमाग. आईनं मागावरच्या मऊ कापडाची पट्टी सोबत आणली होती. आमच्याकडे बाळाच्या पोटाला ती बांधतातच. "पोट मोकळं ठेवलं तं बेंबी फुगून येते रे बाबू," ती म्हणाली. "टाके उसवतीन. बांध." तिनं पट्टी माझ्या हातात दिली. मग मीच ड्रेसिंगवरून पट्टी आवळली आणि विणकराची गाठ मारली. ती सरकत नाही.

थोड्या वेळानं बाळ पुन्हा मलूल झालं. श्वास अडखळायला लागला, ओठ निळसर पडले. सिस्टरनं दुपटं बाजूला केलं. गाठ सुटेना, तेव्हा कात्री लावली. धावत आलेले डॉक्टर बाळाच्या तोंडावर मास्क धरून हातानं फुगा दाबत होते. माझ्या पोराला मीच मारलं, एवढंच डोक्यात होतं.

श्वास सुरळीत झाल्यावर डॉक्टर वळले. "कोणी बांधलं हे?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच आई म्हणाली, "म्या बांधलं, डाक्टरसाहेब. अडाणी बाई आहो मी."

"आजी, आधीच आत दाब आहे. त्यानं श्वास अडतो, औषध निघत नाही. आणि तुम्ही वरून आवळता?"

सगळ्या वॉर्डासमोर ते तिला बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी कापलेली पट्टी उचलून खिशात कोंबली.

संध्याकाळी बाळ रडलं. महिनाभरानं घरी आलो.

आता तो शाळेत जातो. त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर विचारल्याशिवाय बाळाच्या पोटाला हात लावू नका.

गावात कुठे पाळणा हलला की आई आजही तिथे जाते. "पोटाले काही बांधाच्या पयले डाक्टरले विचारा," म्हणते. "माह्या हातानं माहा नातू जात होता."

परत आली की काय बोलली ते सांगते, मी मागावर बसून ऐकतो. आज पहिल्यांदा लिहितो आहे: ती गाठ माझी होती.