मिसरला निघालेली मंडळी

"आज कुठवर पोचले गं?" मास्तरीणबाईंच्या घरी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हा. चहापाणी मागाहून. चौकशी असायची भिंतीवरच्या चित्रातल्या माणसांची, पण इतकी काळजीनं केलेली की नवख्याला वाटावं, घरचीच माणसं एसटीनं निघाली आहेत.

चित्र हॉलंडच्या कुणा चित्रकाराचं, छापील. मिशनच्या मडम मायदेशी परतताना बाईंना देऊन गेल्या होत्या. पाऊण चित्रभर ढगाळ आभाळ, खाली संथ नदी, आणि कोपऱ्यात नखाएवढी माणसं: गाढवावर बाळ घेऊन बसलेली बाई, पुढे काठी टेकत चाललेला नवरा. लग्न होऊन मी पुणतांब्याला आले, शेजारी म्हणून त्यांच्याकडे गेले आणि विचारून बसले, "ही परीट मंडळी हायेत का, बाई?"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, येशूची आई मरीया आहे ती! राजा बाळाच्या जिवावर उठला, म्हणून मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला पळाले बिचारे."

"मिसरात एवढं पानी हाय?"

"चित्रकारानं मिसर कुठं बघितलंय? त्यानं आपल्या गावची नदी काढली. मग आपल्या गोदावरीनंच काय घोडं मारलंय? तुझं माहेर कुठलं?"

"राजूर," म्हणता म्हणता मला रडू आलं.

"मग आज यांचा मुक्काम राजूरला."

तिथून खेळ सुरू झाला. कामं उरकली की मी जायची आणि सांगायची, राजूरच्या बाजारात मरीयेला कोण भेटलं, कुणी भाकरी दिली, बाळाला थंडी वाजली का. "दोघींनाबी येड लागलंय," सासूबाई म्हणायच्या. असेल. पण ती माणसं राजूरला पोचली की माझं रडू थांबायचं.

"मिसरातून ते परत आले बरं का," बाई सांगायच्या. "पण जाताना सगळे काढतात, परतताना कुणी काढत नाही."

गेल्या वर्षी बाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मुलगा पुण्याला घेऊन गेला. जाताना चित्र माझ्या हातात देत म्हणाल्या, "महिन्याभरात येतेच. याला ऊन लागू देऊ नकोस."

महिने लोटले. डॉक्टर प्रवासाला परवानगी देईनात. रोज मोबाईलवर तोच प्रश्न, "कुठवर पोचले गं?" आता त्या कुणाबद्दल विचारतात, ते मला कळत होतं. मी मंडळींना माघारी वळवलं. नगर झालं, राहुरी झाली. राहात्यात मुद्दाम आठवडाभर थांबवलं, कारण पुढं गावंच उरली नव्हती.

एका संध्याकाळी त्यांचा आवाज फारच बारीक आला. मला राहवलं नाही. "बाई, पुणतांब्याच्या वेशीत आलेत. तुमच्या घराकडंच वळलेत."

"मग चहा टाक की," त्या म्हणाल्या.

सकाळी मुलाचा फोन आला.

चित्र आता माझ्या घरात आहे, उन्हापासून लांब. बाईंचा प्रश्न कुणी विचारत नाही, तरी मी रोज बघते. गाढवाचं तोंड अजून मिसरकडेच आहे. मला त्याचा फार राग येतो.