चाळीत ठेवलेला फ्लॅट

मोतीराम गांगुर्डे चांदवडच्या कांदा मार्केटात एकतीस वर्षं मापारी होते. निवृत्तीनंतर सगळी पुंजी घालून त्यांनी पाथर्डी फाट्यावर चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, बेचाळीस लाखांना. मग समोर तीन टॉवर उभे राहिले आणि तिसऱ्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट छत्तीसला गेला.

मोतीरामांना हा प्रकार ओळखीचा होता. भाव पडला की माल कांदाचाळीत साठवायचा आणि भाव चढेपर्यंत थांबायचं. सडू नये म्हणून ते रोज सगळ्या खिडक्या उघडून फ्लॅटला हवा देऊ लागले. पार्किंगमध्ये सभा घेऊन त्यांनी अकरा मालकांना गणपतीसमोर शपथ घातली: चाळीसच्या खाली कुणी उतरायचं नाही.

अडचण होती ती पत्नी नवसाबाईंच्या गुडघ्यांची. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले होते, आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असे.

एके दिवशी एक गिऱ्हाईक फ्लॅट बघायला जिना चढत होतं. दुसऱ्या मजल्यावर नवसाबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या.

"मावशी, चौथ्यावरचा फ्लॅट कसा आहे?"

"माहीत नाय बाबा. मी अजून पोचले नाय."

गिऱ्हाइकाने छत्तीस सांगितले. मोतीरामांनी चाळीस धरून ठेवले.

"कांदा चाळीत सडतो, हितं मी सडतेय," नवसाबाई म्हणाल्या. "तळमजल्यावरची उज्वला विकतेय. हा द्या न् तो घ्या."

मोतीराम खाली गेले. तिच्या फ्लॅटला छत्तीस म्हणाले.

"काका, चाळीसच्या खाली नाही," उज्वला म्हणाली. "शपथ घेतलीय. तुम्हीच घातलीत."

रविवारी पुन्हा सभा भरली. मोतीरामांनी खुलासा केला की शपथ पहिल्या मजल्यापासून वर लागू होते. "लय झालं!" मागून कुणीतरी ओरडलं. मतदानाला हात एकच वर आला, नवसाबाईंचा.

शेवटी उज्वलाच उठली. "काका, तुमचा छत्तीसला द्या, माझा छत्तीसला घ्या. भाव पडलेत ते दोन्हीकडे सारखेच ना?"

 मोतीराम मापाऱ्याच्या सवयीने म्हणाले, "काटा बरोबर." शपथ तिथेच सुटली.

महिन्याभरात दोन्ही व्यवहार झाले. सामान उतरवायच्या दिवशी लिफ्ट चालू होती. नवसाबाई तिच्यात बसून एकट्याच चौथ्या मजल्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"वर काय राहिलं होतं?" मोतीरामांनी विचारलं.

"काय नाय. मेंटेनन्स भरलाय."