शनिवारपर्यंत दोन नावं

इकडं या, असं जवळ बसा. लांबून ऐकता, निम्मं कळतं आणि मग बाहेर जाऊन सांगता, "आक्का म्हणाल्या, बायका कमी करा." मी असं कधीच म्हटलं नव्हतं. मला तसं सांगण्यात आलं होतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो नीट ऐकून घ्यायचा असेल तर तो मोबाईल आधी पालथा ठेवा.

गुरुवार होता. सकाळची तोडणी संपली होती. मी शेडमध्ये जरबेराच्या फुलांचे दहा-दहाचे बंच मोजत होते. तेवढ्यात रणजितदादा आले. हे आमच्या पॉलिहाऊसचे मालक. इंजिनीअर झालेले, वयानं माझ्या पोरासारखे, पण मालक म्हणून मी त्यांना दादाच म्हणते.

"आक्का, दोन बायका कमी करायला लागतील. नावं तुम्ही द्या. शनिवारपर्यंत."

"दोन का? आणि मीच का?"

"मी दिली तर मला शिव्या बसतील. तुम्ही दिली तर त्यांना पटेल."

"म्हणजे शिव्या मला."

"तुम्हाला कोण देतंय? सगळ्या शिव्या तुमच्याकडनंच शिकल्यात त्या."

दादा हसले. मी नाही हसले. नऊ बायका माझ्या हाताखाली. एकेकीला मी हात धरून फूल काढायला शिकवलेलं.

आता कारण सांगते. पेठ वडगावच्या आसपासच्या पाच पॉलिहाऊसवाल्यांनी मिळून ठरवलं की आपापले आकडे एकमेकांना दाखवायचे. एका बाईमागं तासाला किती फुलं निघतात, एवढंच. याला म्हणायचं बेंचमार्किंग. शब्द मोठा, गोष्ट साधी. सारख्याच डाळीला शेजारणीला गॅस किती लागतो आणि आपल्याला किती, ते बघायचं. पॉलिहाऊसमध्ये मजुरीवर सगळ्यात जास्त जातं. तिथं गॅस वाया गेला तर फुलाला भाव चांगला मिळूनही हातात काही उरत नाही. दादांचं म्हणणं खोटं नव्हतं. पाचांत आम्ही पाचवे. पहिला नंबर जोतिबाच्या पायथ्याच्या एका पॉलिहाऊसचा. तिथं दीडशेच्या वर, आमच्यात शंभरच्या आत.

मग दादांनी माझं रजिस्टर मागून घेतलं. त्यात मी रोज लिहिते, कुणी किती तास काम केलं आणि किती फुलं आणली. त्यात सगळ्यात खाली रेहाना.

रेहाना म्हणजे पॉलिहाऊसवर पहिला प्लास्टिकचा कागद ओढला त्या दिवसापासूनची बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरगी नर्सिंगला. घरात कमावती ही एकटी. कामाला कधी खाडा नाही, बोलायला कमी. आणि वहीत तिच्या नावापुढं सगळ्यात लहान आकडा, तोही माझ्याच अक्षरात.

मी सातवी शिकलेली. पण एवढं कळतं की ताप मोजल्यावर औषध द्यायच्या आधी जीभ तरी बघतात. मी दादांना म्हटलं, "मला ते पहिल्या नंबरचं पॉलिहाऊस दाखवा."

"तिथं जाऊन काय करणार?"

"बघणार."

"आणि शनिवार?"

"उद्या शुक्रवारच हाय की."

शुक्रवारी पहाटे दादांनी मला गाडीतून तिथं सोडलं. तिथली सुपरवायझर शालन. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण तोरा मोठा. "या पावणं," म्हणाली, "नंबर कसा काढतात बघायला आलाय व्हय?"

"व्हय. शिकायला लाज कसली?"

जरा नरमली. मी फुलांच्या वाफ्याच्या, म्हणजे बेडच्या कडेला उभी राहिले आणि बघत बसले. जरबेरा कापत नाहीत, देठ बुडाशी धरून जरा पिळायचा आणि ओढून काढायचा. यात हाताची सवय लागते. मला वाटलं होतं, त्यांच्या बायकांचे हात विजेसारखे चालत असतील. तसं काही नव्हतं. दोघी तर आमच्या मंगलपेक्षाही सावकाश होत्या, आणि मंगल फूल काढता काढता गावभरच्या सोयरिकी जुळवते.

पण एक होतं. कुणी बाहेर जात नव्हतं. प्रत्येक बेडच्या तोंडाशी पाण्याची बादली. काढलेली फुलं बादलीत. भरली की एक बाई गाडा घेऊन यायची, भरलेली न्यायची, रिकामी ठेवायची.

मी शालनला विचारलं, "आणि फुलं दाखवत न्हाय तुम्ही?"

"कुणाला?"

कुणाला, हे मलाच सांगता येईना.

आमच्यात काय पद्धत होती ते सांगते. दादांचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी पॉलिहाऊस काढलं त्या पहिल्या वर्षी व्यापाऱ्यानं दोनदा फुलं परत पाठवली. अर्धी उमललेली, काही देठाला आखूड. तेव्हापासून आबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. प्रत्येक बाईनं चाळीसेक फुलं झाली की ती कवेत घेऊन यायचं, आबांसमोर उभं राहायचं, त्यांनी मान हलवली की मग आत पाण्यात ठेवायची. चांगली पद्धत होती. त्यानं आमचं फूल नावारूपाला आलं. आबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. खुर्चीही तिथं नाही. पण बायका अजून कव भरली की चालत येत होत्या, दारात क्षणभर थांबत होत्या आणि मग आत जात होत्या. नवीन आलेली एखादी न थांबता गेली तर मी ओरडायची, "दाखवून जा गं." कुणाला दाखवून, ते तीन वर्षांत एकीनंही विचारलं नाही. मीही नाही.

दादांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते येतात अकराला, तोडणी तोवर आटोपलेली असते.

निघताना शालननं चहा दिला. सहज बोलता बोलता म्हणाली, "फुलाला प्लास्टिकची टोपी घालायच्या बायका आमच्यात वेगळ्या. त्यांचं तास दुसऱ्या वहीत." मी चहा खाली ठेवला. आमच्यात तोडणीच्याच बायका दुपारी बसून, पाकळ्या दुमडू नयेत म्हणून, त्या टोप्या घालतात, आणि ते तास मी त्याच वहीत धरते. म्हणजे आमच्या डाळीत भाताचाही गॅस मोजला होता.

शनिवारी उजाडताच मी रेहानाच्या मागं गेले. तिचा बेड सगळ्यात शेवटचा, उसाच्या बाजूचा. तिथून शेडपर्यंत मी चालले आणि मोजलं. जायला नव्वद पावलं, यायला नव्वद. मंगलचा बेड दाराशीच, तिला वीस. आणि रेहानाला त्या बेडवर कुणी घातलं? मी. उसाच्या बाजूनं कीड आधी शिरते आणि रेहानाच्या नजरेतून एक पान सुटत नाही, म्हणून. किडकी पानं ती खुडून पिशवीत भरायची. पिशवीचा आकडा वहीत येत नाही.

अकराला दादा आले. "आणली का नावं?"

मी कागद दिला. त्यांनी वाचला. त्यावर एकच नाव होतं, माझं.

"हे काय आक्का?"

"रेहानाला लांब मी घातली. दाखवून जा म्हणून मी ओरडते. टोप्यांचे तास मी एकत्र लिहिले. कमी करायचंच झालं तर सुरुवात इथनं करा."

मग सगळं सांगितलं, पावलांसकट. त्यांना पटलं नाही लगेच. "आबांची पद्धत होती ती," म्हणाले. आवाज जरा बदलला होता. मी म्हटलं, "आबा असते तर त्यांनीच पयल्यांदा खुर्ची उचलून आत बेडपाशी टाकली असती. म्हातारा हट्टी हुता, खुळा नव्हता."

शेवटी म्हणाले, "पंधरा दिवस. आकडा हलला नाही तर मग मला नावं लागतील."

सोमवारपासून बादल्या बेडच्या तोंडाशी, आणि त्या न्यायला गाडा. तुम्हाला वाटेल बायका खूश झाल्या. मंगलनं पहिल्याच दिवशी बादली आपटली. "आक्का, तेवढंच बाहेर यायला मिळत हुतं. आत भट्टी हाय. आता श्वास कुठं घ्यायचा, बादलीत?" तिचं बरोबर होतं. त्या चालण्यात थोडी विश्रांती होती, ती मी काढून घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून दादांना सांगून नऊ वाजता दहा मिनिटं चहा सुरू केला, बाहेर, झाडाखाली. पहिले चार दिवस आकडा होता तिथंच. मला झोप नव्हती. पाचव्या दिवसापासून हलला. फुलं लगेच पाण्यात जायला लागल्यानं मान टाकलेली फुलंही कमी झाली, म्हणजे बॉक्समधून बाद होणारी. नफा म्हणाल तर खरा तिथं वाढला.

पुढच्या महिन्यात पाचही मालकांनी टोप्यांचे तास वेगळे धरून आकडे पुन्हा मांडले. आम्ही दुसरे आलो. पहिले शालनचेच. तिचा तोरा आहे तसाच आहे, राहू दे. कुणालाही काढलं नाही. पण खोटं कशाला सांगू, दिवाळीनंतर एक वयस्कर बाई आपणहून घरी बसल्या, त्यांच्या जागी दादांनी कुणाला घेतलं नाही. आता आठ आहेत.

रेहानाचा आकडा मधोमध आला. कीड बघायच्या कामाला मी वहीत वेगळा रकाना पाडला. ते बघून ती म्हणाली, "आक्का, त्या शनिवारी माझंच नाव हुतं न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुम्ही माझ्या मागनं पावलं मोजत हुता. नव्वद हैत. मी मोजल्यात की कवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"आबांचं हाय म्हणून. आणि तुम्ही ओरडला असता."

ओरडले असतेच. ते खरं आहे.

तर बेंचमार्किंग जरूर करा. शेजाऱ्याचा आकडा बघा, त्याच्याकडं जाऊन या, चहा प्या. पण यादीत जी सगळ्यात खाली आहे तिच्याबरोबर आधी एक खेप चाला. पेट्रोल लागत नाही.

आणि हे सगळं माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा एकदा येऊन बघा. येत्या रविवारीच या. वडगावातनं रिक्षा मिळते, रणजितदादांचं पॉलिहाऊस म्हटलं की आणून सोडतात. सातच्या आत पोचा, उन्हं चढल्यावर आत उभं राहवत नाही. नऊच्या चहाला आमच्यात बसा. मंगल तुमचं लग्न जमवायला बघेल, तेवढं सांभाळा.