एक उठतं, दुसरं झोपतं

माझी मावशी शाळांच्या स्वेटरवर बिल्ले भरते. म्हणजे भरतं मशीन; मशीनला दम तेवढा ती भरते. "बिल्ल्यावरचा सिंह तिरळा केलास तर बघ!" आणि मशीन ऐकतं, निदान काकांपेक्षा बरं.

त्या मशीनला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर फार जुना. शाळा उघडायच्या तोंडावर त्याने मान टाकली. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. कुठल्याही दुखण्यावर 'बंद करून चालू करा' हाच त्याचा पहिला काढा, म्हणून सगळे त्याला रीस्टार्ट म्हणतात.

"पेटी गेली," तो म्हणाला, "पण डिस्क ठणठणीत आहे."

मावशीचा जीव भांड्यात पडला. सिंहाची आयाळ तिने टाका-टाका जुळवून बसवली होती, आणि ती त्या डिस्कवरच होती. आता स्वेटर वेळेवर गेले नाहीत तर शाळेचं काम दुसरीकडे जाणार होतं.

डिस्क काकांच्या कॉम्प्युटरला जोडली. परगावच्या लेकीचं तोंड बघायला त्यांनी तो घेतला होता. पडद्यावर आलं, सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

"अरे, आतच आहे की!" मावशी पडद्यावर खेकसली.

रीस्टार्ट म्हणाला, "मावशी, बटण दाबलं की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. तुमच्या डिस्कवरचा तो म्हातारा या नव्याला ओळखूच येत नाही. आता ते जुनं कोणी वापरत नाही."

"मग मघाशी माझ्या पेटीत खुपसलंस, ते तुझ्या किल्ल्यांना काय लोंबतंय?"

रीस्टार्टने किल्ल्या मुठीत झाकल्या. "पेनड्राइव्ह. तेच जुनं उठवणारं आहे यात. लागतं कधी कधी."

"कधी?"

"रोज."

नशीब, काकांच्या कॉम्प्युटरात जुन्यालाही चालवून घ्यायची एक सेटिंग निघाली. "याहून नवा असता तर तीही नसती," रीस्टार्ट म्हणाला.

"म्हणजे नवा घ्यावा तेवढं कमी चालतं?" काकांनी विचारलं.

"चालतं जास्त. उठतं कमी."

 

सेटिंग बदलली आणि काळ्या पडद्यावर सिंह उभा राहिला. पण आता काकांचं नवं, लेकीशी बोलायचं ते, उठेना! ते हवं तर सेटिंग परत फिरवायची, की मावशीचं झोपणार. एका वेळी एकच.

खरा घोळ पुढे झाला, आणि तोही दोघांच्या प्रेमळपणामुळे. लेकीशी बोलून झालं की काका बायकोसाठी सेटिंग जुन्यावर करून ठेवायचे. मावशीला वाटायचं, अजून नव्यावरच असेल, यांना कशाला त्रास, म्हणून ती स्वतःच फिरवायची. सिंह गायब. मग ती हाका मारायची, काका धावत येऊन फिरवायचे, तोवर तिनेही फिरवलेली असायची.

"अहो, आत्ता आपण जुन्यात आहोत की नव्यात?"

"तू कशात होतीस?"

"मला काय ठाऊक! मला सिंह हवाय."

स्वेटरांचा ढीग तसाच. शाळेतून बाई दोनदा विचारून गेल्या. शेवटी एकदा सिंह आपणहून उभा राहिला. कोणी कधी काय फिरवलं, देव जाणे. मावशीने ताबडतोब कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"अगं, आज लेकीचा फोन..." काका दारातून म्हणाले.

"तिला म्हणावं, आई सिंहापाशी बसलीय. शाळा उघडली की बोलू."

मशीन खडखडत सुटलं. काका खाली बसून तयार स्वेटरांचे सुटे दोरे कापू लागले.