उंच चेंडू

१२ जानेवारी २०२५ रोजी सहादू भंदुरेंनी फुटबॉल स्पर्धेची प्रवेश फी भरली. जीएसटीसह ३,५४० रुपये. कंपनीच्या मॅनेजरने आदल्याच दिवशी बजावलं होतं, "यंदा पहिल्या फेरीत बाहेर पडलात तर टीम बंद. मैदानावर ट्रक लागतील."

सहादू, म्हणजे पोरांचे अण्णा, कंपनीच्या सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर. पाळी सुटली की कामगारांच्या टीमला शिकवायला मैदानावर हजर. मैदान म्हणजे मुरूम टाकलेली जागा. जमिनीवरून पास दिला की चेंडू खड्यावर आपटून भलतीकडेच उडायचा. म्हणून अण्णांनी पोरांना एकच धडा दिला होता: मागून उंच मारा, पुढच्याने डोक्याने घ्या. त्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पण आता सामने कृत्रिम हिरवळीवर होऊ लागले. तिथे छोटे पास देत खेळणाऱ्या टीम अण्णांच्या पोरांना नुसतं पळवून दमवायच्या.

"अण्णा, चेंडू खाली ठेवू द्या ना," कॅप्टन दिनेश सरावाला रोज म्हणायचा. "उंच मारला की तो त्यांनाच मिळतो."

"दिन्या, तू मला शिकवतो का? तो खेळ आपल्या पायात नाय."

"पायात हाय अण्णा, तुमच्या डोक्यात नाय," टीममधला ओम मागून बोलला. पोरं खो खो हसली. अण्णांनी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावलं.

खरं काय ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. "मला तो खेळ शिकवताच येत नाय गं. चेंडू खाली आला की माझं तिथं काय काम?"

"मग पोरांनाच विचारा की," सुमनबाई म्हणाल्या. "त्यात लाज कसली?"

लाज होतीच. त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या फेरीच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत दोन गोल अंगावर बसले. दिनेश धापा टाकत बाजूला आला. "अण्णा, हात जोडतो. आता तरी."

"उंचच मारायचा," अण्णा म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. पुढे मारलेला प्रत्येक चेंडू समोरच्यांच्या डोक्यावर जाऊन पडत राहिला. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा ते ओरडले, "खेळा! तुमचं तुम्ही खेळा!"

चेंडू खाली आला. दिनेशकडून ओमकडे, ओमकडून परत दिनेशकडे, समोरचे नुसते वळून वळून बघत राहिले. एक गोल झाला. दुसरा खांबाला लागून परतला आणि शेवटची शिटी वाजली. दोन-एकने हार.

पोरं हिरवळीवर आडवी झाली. अण्णा दिनेशजवळ बसले. "कुठं शिकलात रे हे?"

"गंगापूर रोडला असल्याच हिरवळीचं टर्फ भाड्यानं घेतो. पहाटे. दोन महिने झाले."

"मला सांगायचं ना."

"सांगतच तर होतो, अण्णा."

अण्णांनी हातातली पाण्याची बाटली दिनेशपुढे धरली.

सोमवारी मैदानावर पहिला ट्रक लागला. त्याच संध्याकाळी अण्णा एकटेच गंगापूर रोडला जाऊन आले. पोरांच्या थकलेल्या भाड्यातले जमले तेवढे त्यांनी टर्फवाल्याला दिले; सहाशे रुपये अजून बाकी आहेत.